बाउंटी हंटरला दार तोडायचा अधिकार दिला कुणी?

‘डॉग द बाउंटी हंटर’ ही अमेरिकन मालिका कदाचित तुम्ही पाहिली असेल. २००४ साली ती सुरू झाली. काळा गॉगल, लांब केस, छातीवर बिल्ला, मागे चार-पाच जणांची टोळी आणि दर भागात एका फरारी माणसाचा पाठलाग. पाहताना आपण गृहीत धरतो की हे पोलीस आहेत, किंवा निदान पोलिसांनी नेमलेले तरी आहेत. प्रत्यक्षात ते दोन्ही नसतात. सरकार त्यांना पगार देत नाही, आणि ज्या माणसाला ते पकडतात त्याच्यासाठी त्यांना स्वतः कोर्टात जाऊन वॉरंट काढावं लागत नाही. तरीही अमेरिकेच्या अनेक राज्यांत ते एखाद्याच्या घरात घुसून त्याला बेड्या घालू शकतात.

खासगी माणसाच्या हातात एवढी सक्तीची ताकद आली कुठून, आणि ती चुकीच्या दारावर वापरली गेली तर जबाबदार कोण, हे दोन प्रश्न या लेखात घेऊ. कायद्याचा अभ्यास नसला तरी चालेल. लागतील त्या संकल्पना वाटेत सांगतो.

आधी पैशाचं गणित

आपल्याकडे जामीन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? एखादा काका, मेहुणा किंवा गावातला माणूस सातबारा, पगाराची स्लिप किंवा सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट घेऊन कोर्टात उभा राहतो आणि सांगतो, ‘हा तारखेला येईल, नाही आला तर माझ्याकडून वसूल करा.’

अमेरिकेत या काकाच्या जागी एक दुकान आहे. समजा कोर्टाने आरोपीला २०,००० डॉलर जामीन ठरवला. एवढी रक्कम त्याच्याकडे नाही. मग त्याचे नातेवाईक बेल बॉण्ड एजंटकडे जातात. एजंट साधारण दहा टक्के, म्हणजे २,००० डॉलर, फी घेतो आणि कोर्टाला संपूर्ण रकमेची हमी देतो. ही फी परत मिळत नाही. आरोपी प्रत्येक तारखेला हजर राहिला, शेवटी निर्दोष सुटला, तरी ते २,००० डॉलर गेले ते गेलेच. एजंटच्या मागे बहुतेक वेळा एक विमा कंपनी उभी असते आणि हमीपत्र खरं तर तिच्या नावावर असतं.

आरोपी तारखेला आलाच नाही तर कोर्ट हमीची रक्कम जप्त करायचा आदेश देतं. पण लगेच वसुली होत नाही, एजंटला मुदत मिळते. कॅलिफोर्नियात ती साधारण १८० दिवसांची आहे. तेवढ्यात आरोपीला हजर केलं तर पैसे वाचतात. म्हणून एजंट एक माणूस कामाला लावतो आणि यशस्वी झाला तर त्याला बॉण्डच्या रकमेचा ठरावीक हिस्सा देतो. हाच बाउंटी हंटर. पकडलं तर कमाई, नाही तर शून्य. पुढे जे सगळं येणार आहे त्याच्या मुळाशी ही कमाईची पद्धत आहे, ती लक्षात ठेवा.

असा धंदा चालणारे देश जगात मुख्यतः दोनच, अमेरिका आणि फिलिपिन्स.

१८७२ मधला एक परिच्छेद

आता अधिकाराचा प्रश्न. बाउंटी हंटरची बाजू मांडणारा कुठलाही वकील एका खटल्याचं नाव घेतो: ‘टेलर विरुद्ध टेंटर’, अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय, १८७२.

त्यातली हकिकत अशी. कनेक्टिकटमध्ये मॅग्वायर नावाच्या माणसावर चोरीचा आरोप होता. ८,००० डॉलरच्या जामिनावर तो सुटला आणि न्यूयॉर्कला गेला. मेन राज्यालाही तो एका गुन्ह्यासाठी हवा होता. मेनच्या गव्हर्नरने मागणी केली आणि न्यूयॉर्कने त्याला मेनच्या ताब्यात दिलं. साहजिकच तो कनेक्टिकटच्या तारखेला पोचला नाही. जामीनदार म्हणाले, ‘दुसऱ्या राज्याने नेला त्याला आम्ही काय करणार? आमचे पैसे जप्त करू नका.’ न्यायालयाने ते मानलं नाही. तुम्ही त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं होतं, राज्याबाहेर जाऊ द्यायला नको होतं, असं सांगून जप्ती कायम ठेवली.

खटला एवढाच. यात कुणी कुणाचं दार तोडलं नव्हतं, कुणाला पकडलंही नव्हतं. पण जामीनदाराची जबाबदारी किती मोठी हे पटवताना न्यायमूर्ती स्वेन यांनी ओघात लिहिलं की, आरोपी जामीनदाराच्या ताब्यातच आहे असं कायदा मानतो, त्याची मूळची कोठडीच जणू पुढे चालू असते. म्हणून जामीनदार त्याला केव्हाही पकडू शकतो, दुसऱ्या राज्यात जाऊन पकडू शकतो, हे काम दुसऱ्यावर सोपवू शकतो, आणि गरज पडली तर त्याच्या घराचं दार तोडून आत जाऊ शकतो.

निकालासाठी आवश्यक नसलेलं, ओघात केलेलं असं भाष्य पुढच्या न्यायालयांवर बंधनकारक नसतं. कायद्याच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात. तरीही हाच परिच्छेद दीडशे वर्षं खालच्या न्यायालयांत उद्धृत होत आला आणि बाउंटी हंटरच्या अधिकारांचा पाया बनला.

काका गेला, दुकान आलं

आता तारखांचा क्रम बघा, कारण माझ्या मते मुद्दा तिथेच आहे.

१८७२ मधला जामीनदार म्हणजे आपला काका. ओळखीचा, स्वतःची मालमत्ता अडकवलेला. आरोपीवर त्याचा वचक असतो आणि आरोपीलाही त्याची लाज असते. अशा माणसाला ‘तुझ्या माणसाला धरून आण’ म्हणणं वेगळं. धंदेवाईक बेल बॉण्डची पहिली मोठी पेढी मानली जाते ती मॅक्डोना बंधूंची, सॅन फ्रान्सिस्कोमधली, आणि ती आली १८९८ च्या सुमारास. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने तो परिच्छेद लिहिला तेव्हा हा धंदा आजच्या रूपात नव्हताच.

याच काळात इंग्लंडने वेगळी वाट धरली. १८८५ च्या ‘हर्मन विरुद्ध ज्यूकनर’ खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की आरोपीने जामीनदाराच्या नुकसानीची आधीच भरपाई करून ठेवण्याचा करार बेकायदा आहे. कारण सोपं होतं. खिशाला झळच बसणार नसेल तर जामीनदार लक्ष कशाला ठेवेल? अलाहाबाद उच्च न्यायालयानेही ‘फतेहसिंग विरुद्ध सनवलसिंग’ या खटल्यात एकोणिसाव्या शतकातच असाच विचार मांडला होता. हा करार बेकायदा ठरला की जामिनाचं दुकान उघडणं अवघड होतं.

अमेरिकेने १९१२ साली नेमकं उलटं केलं. ‘लिअरी विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ खटल्यात न्यायमूर्ती होम्स यांनी मान्य केलं की जामीनदार आणि आरोपी यांचं नातं आता व्यक्तिगत राहिलेलं नाही, ते निव्वळ पैशाचं झालं आहे. त्यामुळे अशा भरपाईच्या कराराला हरकत घेण्याचं जुनं कारण उरलेलं नाही.

निरीक्षण बरोबरच होतं. पण त्यातून निघणारा पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. नातं बदललं असेल, तर त्या नात्याच्या भरवशावर दिलेला दार तोडायचा अधिकार तसाच का राहावा? काकाला दिलेला अधिकार वारशाने दुकानाकडे आला, आणि दुकानाने तो कमिशनवर काम करणाऱ्या माणसाला दिला.

पोलिसाला जे जमत नाही

हा अधिकार किती मोठा आहे ते पोलिसांशी तुलना केली की कळतं. अमेरिकन राज्यघटनेची चौथी दुरुस्ती अवाजवी झडती आणि अटक यांपासून संरक्षण देते. तिच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना तीन गोष्टी सांगितल्या. आरोपीच्या स्वतःच्या घरात शिरून अटक करायची तर साधारणतः अटक वॉरंट हवं (‘पेटन’, १९८०). आरोपी तिसऱ्याच कुणाच्या घरात असेल तर त्या घरासाठी वेगळं झडतीचं वॉरंट हवं (‘स्टीगाल्ड’, १९८१). आणि आत शिरण्यापूर्वी दार वाजवून आपण कोण ते सांगणं हा वाजवीपणाचा भाग आहे (‘विल्सन’, १९९५).

बाउंटी हंटरला यातलं काहीच लागू होत नाही, कारण ही दुरुस्ती फक्त सरकारला बांधते. खासगी माणसाला नाही.

बरं, आरोपीपुरतं समजून घेता येईल. त्याने एजंटशी करार केलेला असतो आणि त्या करारात ‘मला पकडायला माझी संमती आहे’ असं कलम असतं. पण आरोपीच्या आईचं काय? ज्या मित्राच्या घरी तो लपल्याचा संशय आहे त्याचं काय? आरोपीने दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या खोलीत आता राहणाऱ्या भाडेकरूचं काय? यांनी कुठल्याच कागदावर सही केलेली नसते. जामिनाच्या व्यवहारात त्यांना काही मिळालेलं नसतं, दार मात्र त्यांचं तुटतं. जबाबदारीचा खरा प्रश्न या लोकांचा आहे.

मग दाद कुठे मागायची?

सरकारी माणसाने घटनात्मक हक्क मोडला तर अमेरिकेत १८७१ चा एक नागरी हक्क कायदा कामाला येतो. तो ‘कलम १९८३’ या नावाने ओळखला जातो. पण त्यासाठी समोरचा माणूस सरकारी अधिकाराच्या आधारे वागत होता हे दाखवावं लागतं.

इथे न्यायालयांची मतं फाटतात. नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १९७४ साली (‘आउट्स’) आणि पाचव्या सर्किटने १९९६ साली (‘लँड्री’) सांगितलं की बेल बॉण्डवाला स्वतःच्या पैशासाठी धावतो, तो सरकारतर्फे वागत नाही, म्हणून कलम १९८३ लागू नाही. चौथ्या सर्किटने १९८७ साली ‘जॅक्सन विरुद्ध पँटाझेस’मध्ये वेगळा निकाल दिला. तिथे बेल बॉण्डवाला पोलीस अधिकाऱ्याला सोबत घेऊन फरारी मुलाच्या शोधात त्याच्या आईच्या घरात घुसला होता. पोलीस बरोबर होता, त्यामुळे हे सरकारी कृत्य ठरलं.

यातून निघणारा अर्थ जरा विचित्र आहे. पोलीस सोबत असेल, म्हणजे निदान कुणीतरी प्रशिक्षित माणूस हजर असेल, तर तुम्हाला घटनात्मक दाद मिळते. पोलीस नसेल आणि चार जण स्वतःच घुसले असतील, तर मिळत नाही.

तेव्हा उरतात साधे मार्ग. हल्ला, घरात घुसखोरी, बेकायदा डांबून ठेवणं यांसाठी फौजदारी तक्रार किंवा नुकसानभरपाईचा दावा. हे मार्ग अगदीच पोकळ नाहीत. पोलिसाला मिळतं तसं कायदेशीर कवच बाउंटी हंटरला नसतं, आणि असे लोक तुरुंगात गेल्याची उदाहरणं आहेत. पण दोन अडचणी येतात. ‘टेलर’मधला परिच्छेद बचाव म्हणून पुढे केला जातो. आणि पैसे कुणाकडून वसूल करायचे हे ठरत नाही. बाउंटी हंटर सहसा एजंटचा नोकर नसतो, स्वतंत्र कंत्राटदार असतो. एजंट म्हणतो तो माझा माणूस नाही, विमा कंपनी म्हणते एजंटने कुणाला लावलं ते आम्हाला माहीत नाही. फायदा साखळीतून वर जातो, जबाबदारी मात्र शेवटच्या कडीपाशी अडकते, आणि त्या कडीकडे वसूल करण्याजोगं फारसं काही नसतं.

नियम आहेत, पण कुठल्या खात्याचे?

नियमन अजिबात नाही असं नाही. गंमत म्हणजे ते बहुतांश विमा खात्याकडे आहे.

त्याला इतिहास आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या त्या मॅक्डोना पेढीचे पोलिसांशी लागेबांधे इतके वाढले की १९३७ च्या अ‍ॅथर्टन चौकशी अहवालात शहरातल्या भ्रष्टाचाराचा उगम म्हणून तिच्याकडे बोट दाखवलं गेलं. त्याच सुमारास कॅलिफोर्नियाने बेल एजंटांना विमा आयुक्तांच्या परवान्याखाली आणलं, आणि मॅक्डोनाला परवाना नाकारणारा आयुक्तांचा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३९ साली उचलून धरला. म्हणजे परवान्याला दात असू शकतात. पण विमा खात्याची नजर स्वाभाविकपणे फी, हिशेब आणि कंपनीची आर्थिक ताकद यांवर असते. रात्री दोन वाजता कुणाच्या दारात काय झालं, हे पाहायला ते खातं बनलेलंच नाही.

बाउंटी हंटरबद्दल राज्याराज्यांत फार फरक आहे. काही ठळक नमुने:

- फ्लोरिडा: स्वतःला ‘बाउंटी हंटर’ म्हणवून घ्यायलाच बंदी. हे काम परवानाधारक बेल एजंटनेच करायचं.
- टेक्सास: पोलीस, परवानाधारक खासगी गुप्तहेर किंवा तशाच परवान्याचा सशस्त्र सुरक्षारक्षक, एवढ्यांनाच काम देता येतं. गुप्तहेराला घरातल्यांच्या संमतीशिवाय आत जाता येत नाही.
- अ‍ॅरिझोना: घरात हजर असलेल्यांच्या संमतीशिवाय प्रवेश नाही.
- कॅलिफोर्निया: पकडायला जाण्याआधीच्या सहा तासांत स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक. हा कायदा १९९९ चा. मुदतीचा होता, २०१० च्या सुरुवातीला संपला आणि २०१२ मध्ये पुन्हा करावा लागला. मधल्या काळात तो नव्हताच. बाउंटी हंटरसाठी स्वतंत्र परवाना तर २०२३ पासून आला.
- इलिनॉय, केंटकी, ऑरेगन, विस्कॉन्सिन: धंदेवाईक जामीनच बंद. इलिनॉयने १९६३ साली, केंटकीने १९७६ साली, विस्कॉन्सिनने १९७९ साली तो बंद केला.

अ‍ॅरिझोनाच्या नियमामागे एक घटना आहे. १९९७ साली फीनिक्समध्ये मुखवटे घातलेले शस्त्रधारी लोक एका घरात घुसले आणि घरातलं एक तरुण जोडपं मारलं गेलं. आपण फरारी शोधणारे बाउंटी हंटर आहोत असा त्यांचा दावा होता. तपासात तो खोटा निघाला. पण देशभर प्रश्न विचारला गेला की असा दावा मुळात पटण्यासारखा का वाटावा? मुखवटे घालून, वॉरंटशिवाय, रात्री दार फोडणं हे कायदेशीरही असू शकतं, ही लोकांना तेव्हा कळलेली गोष्ट होती. १९९९ मध्ये प्रतिनिधीगृहात आसा हचिन्सन यांनी बाउंटी हंटरला कलम १९८३ च्या कक्षेत आणू पाहणारं विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही.

सीमा ओलांडली की

अमेरिकेबाहेर हा अधिकार कसा दिसतो? १९८१ मध्ये दोन अमेरिकन लोकांनी फ्लोरिडातल्या जामिनावरचा सिडनी जॅफी हा फरारी टोरंटोतून उचलून आणला. कॅनडाने त्याला सरळ अपहरण म्हटलं आणि दोघांची मागणी केली. चौथ्या सर्किटने १९८३ साली (‘केअर विरुद्ध हिल्टन’) ती मागणी योग्य ठरवली. पुढे कॅनडात त्यांना शिक्षा झाली.

वर उल्लेख केलेल्या मालिकेचा नायक डुएन चॅपमन यानेही २००३ मध्ये मेक्सिकोत जाऊन अँड्र्यू लस्टर या बलात्काराच्या गुन्ह्यातल्या फरारीला पकडलं. फरारी खरा होता, गुन्हा गंभीर होता. तरी मेक्सिकन पोलिसांनी चॅपमनलाच अटक केली, कारण तिथे हा धंदा बेकायदा आहे. २००६ मध्ये त्याच प्रकरणात अमेरिकन मार्शलांनीही त्याला पकडलं. मुदत संपल्यामुळे खटला २००७ मध्ये निकाली निघाला. एकच कृती सीमेच्या एका बाजूला करारातला हक्क ठरते आणि दुसऱ्या बाजूला अपहरण.

पण उपयोग होतो ना?

हा प्रश्न रास्त आहे. एरिक हेलंड आणि अलेक्स टॅबारॉक या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की बेल बॉण्डवर सुटलेले आरोपी तारीख चुकवण्याची शक्यता, तशाच पण इतर प्रकारे सुटलेल्या आरोपींपेक्षा २८ टक्क्यांनी कमी होती. चुकवलीच, तर दीर्घकाळ फरार राहण्याची शक्यता ५३ टक्क्यांनी कमी होती. धंद्याचे समर्थक हे आकडे नेहमी देतात.

आकडे खरे मानून चालू. ते एवढंच सांगतात की पैशाची टांगती तलवार असली की लोक पकडले जातात. पकडताना तिसऱ्या माणसाचं किती नुकसान झालं ते या मोजणीत येत नाही, आणि चुकीच्या दाराची किंमत कमिशनमधूनही वजा होत नाही. ती किंमत बाउंटी हंटरला आणि त्याच्या वरच्या साखळीला भरावी लागली, तर हेच पैशाचं गणित त्यांना सावधपणाही शिकवेल. म्हणून माझ्या मते सुधारणेचे मुद्दे तीन आहेत: संमतीशिवाय तिसऱ्याच्या घरात प्रवेश नाही, आधी पोलिसांना सूचना, आणि नुकसानीची जबाबदारी थेट एजंट व विमा कंपनीवर. पहिले दोन काही राज्यांत आले आहेत. तिसऱ्याला सगळ्यात जास्त विरोध होतो, आणि सगळ्यात जास्त फरकही त्यानेच पडेल.

आपल्याकडे काय?

आपल्या कायद्यात जामीनदाराला आरोपीला पकडायचा अधिकार नाही. त्याला जबाबदारीतून मोकळं व्हायचं असेल तर तो दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करतो, आणि आरोपीला आणण्यासाठी वॉरंट काढतात ते दंडाधिकारी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८९ बघा. सक्ती सरकारच्याच हातात राहते.

म्हणून आपलं सगळं छान आहे असं नाही. पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार आपल्या कोर्टांच्या आवारातही असतात. आपण किती जणांना जामीन राहिलो आहोत हे जामीनदाराने लिहून द्यायचं, असा नियम २००५ च्या दुरुस्तीने आणावा लागला तो त्यामुळेच. आणि ज्याला जामीनदारच मिळत नाही तो आत राहतो. १९७८ च्या ‘मोतीराम’ खटल्यात एका गवंड्याला १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला गेला आणि दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून भावाचा जामीन नाकारला गेला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी याच गोष्टीवर कडक ताशेरे ओढले होते.

जामिनावर पैसा लावला की तो पैसा वाचवायला कुणीतरी धावणार, हे दोन्हीकडे सारखंच आहे. अमेरिकेत त्या धावणाऱ्याच्या हातात दार तोडायचा अधिकारही आहे. पुढच्या वेळी पडद्यावर एखादा बाउंटी हंटर दाराला लाथ मारताना दिसला, तर ते दार कुणाचं आहे आणि त्याची भरपाई कोण देणार, हे दोन प्रश्न विचारून बघा. मालिकेत त्यांची उत्तरं नसतात, आणि बऱ्याच राज्यांच्या कायद्यातही अजून नाहीत.